राजूर परिसरातील काळा पाषाण : अंतर्रचना, गुणधर्म व उपयोग यांचा ऐतिहासिक मागोवा

१. विषयप्रवेश

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात पाषाणाचा उल्लेख वारंवार येतो. परंतु तो बहुधा उपमेच्या रूपाने येतो, साधनाच्या रूपाने क्वचितच येतो. देश कणखर आहे, दगडांचा आहे, एवढे म्हणून इतिहासकार राजवंशांकडे, दानपत्रांकडे आणि लढायांकडे वळतो. ज्या द्रव्यातून लेणी कोरली गेली, गडांचे तट उभे राहिले, जाती घडली आणि धरणे बांधली गेली, त्या द्रव्याची जडणघडण कशी आहे व तिने मानवी व्यवहाराला कोठे वाव दिला, कोठे अटकाव केला, हा प्रश्न भूवैज्ञानिकांचा म्हणून बाजूला ठेवण्याची प्रथा पडली आहे. या प्रथेमुळे इतिहासाचे एक अंग अंधारात राहिले आहे.

प्रस्तुत विवेचनासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर व त्याच्या भोवतालचा मुलूख निवडला आहे. अकोल्याच्या पश्चिमेस, प्रवरेच्या वरच्या खोऱ्यात वसलेले राजूर हे डोंगरी गावांचे बाजाराचे ठिकाण असून महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींच्या प्रदेशाचे ते आज प्रशासकीय केंद्र आहे. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, रतनवाडीचे अमृतेश्वराचे देवालय, रंधा धबधबा आणि भंडारदऱ्याचे धरण ही सर्व राजूरच्या परिसरात मोडतात. बेसॉल्ट ह्या एकाच खडकाची इतकी निरनिराळी रूपे व इतके निरनिराळे उपयोग इतक्या थोड्या क्षेत्रात एकत्र पाहावयास मिळावेत, हे या मुलखाचे वैशिष्ट्य होय.

प्रश्नाचे स्वरूप असे की, या परिसरातील घट्ट काळा फत्तर आणि त्याच्याच माथ्यावरचा जाळीदार, पोकळ्यांनी भरलेला दगड यांचे रासायनिक पृथक्करण केल्यास दोहोंत मूलतः फारसा फरक आढळत नाही. दोहोंत सिलिकेचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास असते. ॲल्युमिना, लोह, चुना व मॅग्नेशिया यांची प्रमाणेही जवळपास सारखीच असतात. असे असूनही पाथरवट एकापासून देवळाचा खांब घडवितो आणि दुसऱ्याकडे पाहतही नाही. तेव्हा गुणधर्मांतील हा भेद घटकद्रव्यांवरून उलगडत नाही. तो त्या द्रव्यांच्या मांडणीवरूनच उलगडला पाहिजे. घटक आणि मांडणी यांतील हा विवेक विज्ञानाला केव्हा व कसा झाला, आणि विज्ञानाच्या कितीतरी आधी तो कारागिरांना कसा साधला होता, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

२. रचनेच्या कल्पनेचा इतिहास

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बेसॉल्ट हा युरोपातील एका मोठ्या वादाचा विषय झाला होता. फ्रायबर्गचा आचार्य वेर्नर याच्या मते हा खडक आद्य सागराच्या पाण्यातून निक्षेपित झालेला होता. फ्रान्समधील ओव्हेर्न्य प्रांतात खांबांसारखे उभे असलेले बेसॉल्टचे कडे पाहून देमारे याने मात्र तो ज्वालामुखीतून आला असल्याचे प्रतिपादन केले होते. ज्वालामुखीच्या पक्षावर मुख्य आक्षेप असा घेतला जाई की, वितळलेला दगड थंड झाल्यावर त्याची काच व्हावी; बेसॉल्ट तर स्फटिकमय आहे. एडिंबरोच्या सर जेम्स हॉल याने १७९८ साली या आक्षेपाचे उत्तर भट्टीतून काढले. त्याने स्कॉटलंडमधील काळा दगड वितळविला. तो झपाट्याने थंड केला तेव्हा त्याची काच झाली. तोच रस सावकाश थंड केला तेव्हा पुन्हा स्फटिकमय दगड तयार झाला. द्रव्य तेच, परंतु थंड होण्याचा वेग बदलताच रचना बदलली आणि रचनेबरोबर गुणधर्मही बदलले. पदार्थविज्ञानाच्या इतिहासात या प्रयोगाचे महत्त्व बेसॉल्टच्या उत्पत्तीपुरते मर्यादित नाही.

पुढील पाऊल शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने टाकले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याने दगडाचे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ काप घासून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दगडाच्या आतील स्फटिकांची गुंफण त्यामुळे प्रथमच स्पष्ट दिसली. हाच सॉर्बी १८६३ नंतर पोलादाच्या पृष्ठभागाकडे वळला आणि पोलादाचे बळही त्यातील सूक्ष्म घटकांच्या मांडणीत असते, हे त्याने दाखवून दिले. दगडासाठी बनविलेल्या पद्धतीने धातुविज्ञानाचा पाया घातला जावा, ही घटना विचार करण्याजोगी आहे. त्यानंतर १९१२ साली लाउए याने व लागलीच ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकांतील अणूंची मांडणी मोजण्याचा मार्ग खुला केला. १९३० च्या सुमारास झिओलाइट, फेल्स्पार व चिकणमातीची खनिजे यांच्या अणुरचना एकामागून एक ज्ञात झाल्या.

मांडणीबरोबर तिच्यातील वैगुण्यांचाही अभ्यास आवश्यक असतो, ही जाणीव ए. ए. ग्रिफिथ याने करून दिली. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात काचेच्या भंगाचा विचार आहे. अणूंमधील बंधांच्या हिशेबाने काच जितकी बळकट असावयास हवी त्याच्या कितीतरी कमी ताणाने ती तुटते. याचे कारण तिच्यातील सूक्ष्म चिरा. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो आणि चीर जितकी लांब तितकी ती थोड्या ताणाने पुढे सरकते. ठिसूळ पदार्थ दाबाखाली बळकट व ओढीखाली दुबळे का असतात, याचे मर्म येथे सापडते. दगडाचे ताणसामर्थ्य हे त्याच्या संपीडनसामर्थ्याच्या साधारणपणे एक दशांशच भरते. राजूर परिसरातील देवळे, लेणी व धरण या तिहींच्या इतिहासात हे प्रमाण पुनःपुन्हा प्रत्ययास येते.

३. कळसूबाईच्या पायऱ्या

दख्खनच्या खडकांचे पहिले विस्तृत शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स याने केले. मुंबई सरकारच्या सेवेत असताना त्याने दख्खनचा मुलूख फिरून पाहिला आणि १८३३ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे आपला निबंध सादर केला. एकावर एक रचलेले आडवे थर, अधूनमधून येणारे स्तंभाकार खडक आणि थरांच्या मध्ये सापडणारी लाल माती यांची नोंद त्याने घेतली. या खडकांना युरोपात ‘ट्रॅप’ म्हणत. पायरी या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून ते नाव आले आहे. राजूरहून कळसूबाईकडे पाहणाऱ्यास या नावाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. घट्ट थरांचे उभे कडे व मऊ थरांच्या उतरत्या माच्या एकाआड एक अशा शिखरापर्यंत चढत गेलेल्या दिसतात.

हे थर सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी भूपृष्ठावर पसरलेल्या लाव्हारसाचे होत. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सह्याद्रीतील थरांची रासायनिक लक्षणांवरून क्रमवार विभागणी करण्यात आली. तीत सर्वांत खालच्या व जुन्या उपगटास कळसूबाईचेच नाव देण्यात आले. या उपगटातील प्रवाह बहुतांशी संयुक्त स्वरूपाचे आहेत, म्हणजे एकेक प्रवाह अनेक लहान पाळ्या एकमेकींवर पसरून बनलेला आहे. प्रत्येक पाळीचा मधला भाग घट्ट असतो. वायूचे बुडबुडे वर चढून अडकल्यामुळे माथा सच्छिद्र राहतो. काही ठराविक प्रवाहांत बोटाच्या पेराएवढाले फेल्स्पारचे पांढुरके स्फटिक विखुरलेले असतात. ते लाव्हारस बाहेर पडण्यापूर्वीच भूपृष्ठाखाली सावकाश वाढलेले असून थर ओळखण्याची ती मोठीच खूण ठरली आहे.

उपयोगाच्या दृष्टीने या राशीतील चार रचना वेगळ्या काढल्या पाहिजेत. पहिली रचना घट्ट दगडाची. सूक्ष्मदर्शकाखाली यात फेल्स्पारच्या काड्या इतस्ततः पसरलेल्या व त्यांच्या फटी पायरोक्सीनच्या कणांनी भरलेल्या दिसतात. ही गुंफण इतकी पक्की असते की, चीर सरळ धावू शकत नाही. तिला पावलोपावली वळावे लागते. अशा दगडाचे संपीडनसामर्थ्य दर चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलोग्रॅमच्याही वर जाते. दुसरी रचना सच्छिद्र दगडाची. यातील पोकळ्या कालांतराने झिरपणाऱ्या पाण्यातील द्रव्यांनी भरून येतात आणि त्यांत झिओलाइट, कॅल्साइट व गारेचे प्रकार जमतात. तिसरी रचना दोन प्रवाहांमधील लाल मातीच्या थराची. ती पाण्याने मऊ पडते व कड्यांच्या पायाला पोखर पाडते. चौथी गोष्ट म्हणजे सांधे. लाव्हारस थिजताना आकसतो व त्याला भेगा पडतात. थंडावा एकसारखा असेल तर या भेगा एकमेकींस १२० अंशांत मिळून षट्‌कोनी खांब तयार होतात, कारण थोड्यात थोड्या भेगांनी अधिकांत अधिक ताण मोकळा होण्याची हीच रीत आहे. घट्ट खडकाला मोठमोठ्या ठोकळ्यांत विभागण्याचे काम निसर्गाने सांध्यांच्या द्वारे आधीच करून ठेवलेले असते. साम्रदजवळची सांदण दरी ही अरुंद घळ उभ्या भेगेच्या रोखाने झीज कशी खोलवर उतरते याचे ठळक उदाहरण होय.

४. पाथरवटाची विद्या

ही चार रूपे सॉर्बीच्या सूक्ष्मदर्शकापूर्वी कित्येक शतके या मुलखातील कारागिरांना ठाऊक होती. त्यांचे ज्ञान ग्रंथबद्ध नव्हते. ते हाताच्या व कानाच्या सवयीत साठविलेले होते. दगडावर हातोडीचा ठोका मारला असता खणखणीत आवाज आला तर तो सलग समजावा, बद्द आवाज आला तर आत चीर आहे असे समजावे, ही पाथरवटाची कसोटी आजही प्रचारात आहे. तिचे शास्त्रीय कारण सरळ आहे. घट्ट बेसॉल्टमधून ध्वनिलहरी सेकंदाला पाच-सहा किलोमीटर वेगाने धावतात. चीर आली की लहर परतते, विखुरते व नाद मरतो. तीच गोष्ट दगड फोडण्याची. ओळीने भोके पाडून त्यांत पाचरा ठोकल्या की दगड त्या रेषेवर उकलतो. दाबाने जो फुटणार नाही त्याला ओढ देऊन फोडावे आणि ओढ चिरेच्या टोकाशी एकवटावी, हे ग्रिफिथचे सूत्र पाचरेच्या या युक्तीत कृतिरूपाने अस्तित्वात होते.

रतनवाडीचे अमृतेश्वराचे देवालय या विद्येचा उत्तम नमुना होय. परंपरेने त्याचे कर्तृत्व शिलाहार राजा झंझ याजकडे दिले जाते. शैलीवरून अभ्यासक ते यानंतरच्या काळातही नेतात. भूमिज पद्धतीच्या शिखरावर लहान शिखरांच्या उभ्या ओळी बारकाईने कोरलेल्या आहेत. इतके बारीक काम बारीक कणांच्या व पोकळ्यांविरहित दगडावरच टिकते. पोकळी मध्येच आली तर कोरीव कड निखळून जाते. देवालयाच्या मांडणीवरही दगडाच्या ताणदौर्बल्याची छाया पडलेली आहे. आडव्या तुळईच्या खालच्या अंगास ओढ पडते आणि दगड ओढीला कच्चा. म्हणून मध्ययुगीन देवळांत खांब जवळजवळ येतात व छत थराथराने पुढे काढीत मिटविले जाते. शिल्पशास्त्राच्या संकेतांतून जी प्रमाणे आज सौंदर्याची म्हणून वाखाणली जातात, त्यांपैकी काहींची मुळे द्रव्याच्या रचनेत आहेत, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या लेण्यात दुसरी बाजू दिसते. पाण्यात उभ्या असलेल्या तेथील शिवलिंगाभोवती चार खांब होते. त्यांपैकी तीन भंगले असून एकच शिल्लक आहे. लोकसमजुतीने या खांबांचा संबंध चार युगांशी जोडला आहे. अभ्यासकापुढील प्रश्न निराळा आहे : तीन खांब गेल्यावरही छत कोसळले का नाही? याचे उत्तर असे की, बांधीव वास्तूतला खांब भार घेण्यासाठी उभा केलेला असतो, कोरीव वास्तूतला खांब उकरताना शिल्लक ठेवलेला असतो. माथ्यावरचा घट्ट, सलग थर हेच येथील खरे छत होय. तो आपला भार दोन्ही अंगांच्या खडकाकडे नेतो. याच गडावर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घट्ट थरात खोदलेले टाके गिलाव्याशिवाय पाणी धरून ठेवते, हा गुणही त्याच रचनेचा.

घरगुती वापरातील जाते हे तर रचना व उपयोग यांच्या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. धान्य दळण्यासाठी दगड कठीण हवाच. पण त्याचा पृष्ठभाग खरबरीतही हवा. जर्मनीच्या आयफेल प्रदेशातील मायेन येथील सच्छिद्र लाव्हा-दगडाची जाती रोमन काळापासून दूरदेशी जात असत, कारण तो झिजला तरी नव्या पोकळ्या उघड्या पडून धार कायम राही. महाराष्ट्रातील जाते घट्ट दगडाचे असते. ते वापराने गुळगुळीत होते व त्यास पुन्हा टाकी लावावी लागते. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावणाऱ्या टाकारी लोकांचा व्यवसाय या एका गुणधर्मावर उभा होता. जमातीच्या उपजीविकेचे कारण खडकाच्या कणांत सापडावे, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनी दुर्लक्षू नये. पिठाच्या गिरण्या आल्या आणि तो व्यवसाय संपुष्टात आला. त्याबरोबर दगडाची पारख करणाऱ्या एका परंपरेचीही नोंद न होता ती लयास गेली.

५. भंडारदऱ्याचे धरण : दगड आणि सांधा

प्रवरेवरील भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली ते पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास देण्यात आले. सुमारे ८२ मीटर उंचीचे हे धरण डबराचे चुन्यातील बांधकाम असून ते त्या काळी देशातील उंच धरणांत गणले जात असे.

दगडी धरणांच्या शास्त्राचा मुंबई इलाख्याशी जुना संबंध आहे. फ्रान्समध्ये साझिली याने १८५३ साली धरणाच्या छेदाचा गणिती विचार मांडला होता. त्यानंतर १८७२ साली ग्लासगोचे प्राध्यापक रँकिन यांनी मुंबई नगरपालिकेच्या एका अभियंत्याच्या विचारणेवरून या विषयावर अहवाल लिहिला. चुन्यातील बांधकामावर ओढ मुळीच येऊ देऊ नये, हे तत्त्व त्यांनी त्यात आग्रहाने मांडले. दाबाची रेषा छेदाच्या मधल्या तृतीयांशात राहिली म्हणजे ही अट पाळली जाते. पुढे १८९५ साली फ्रान्समधील बूझे येथील धरण फुटून मोठी प्राणहानी झाली. पाणी बांधकामाच्या फटींत शिरून त्याला आतून वर उचलते, हा उद्धारक दाब त्यानंतर मॉरिस लेव्ही यांनी हिशेबात आणला. परंतु तो सर्वमान्य होण्यास बराच काळ जावा लागला.

भंडारदऱ्याच्या बाबतीत साधा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरते. बांधकामाची घनता दर घनमीटरला सुमारे अडीच टन धरली, तर ८२ मीटर उंचीखाली तळाशी येणारा दाब दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोग्रॅमच्या आसपास भरतो. घट्ट बेसॉल्ट याच्या पाऊणशे पटींहून अधिक दाब सहज सोसतो. याचा अर्थ असा की, धरणातील दगडाच्या सामर्थ्याचा अगदी अल्प अंशच उपयोगात येतो. धरणाचे भवितव्य दगडावर अवलंबून नव्हतेच. ते दोन दगडांमधल्या चुन्यावर अवलंबून होते. चुन्याचा मसाला ओढ सोसत नाही, आणि झिरपणाऱ्या पाण्यात त्यातील चुना विरघळून जाऊ लागला म्हणजे तो पोकळ होत जातो.

हे तत्त्व १९६९ साली प्रत्यक्षात उतरले. धरणाच्या खालच्या अंगास तडे जाऊन गळती सुरू झाली. अवघ्या आठ वर्षांपूर्वी, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत व खडकवासला ही धरणे फुटून पुण्यात हाहाकार उडाला होता. डिसेंबर १९६७ मधील भूकंपात कोयनेच्या धरणालाही तडे गेले होते. या पार्श्वभूमीवर प्रवरेकाठच्या गावांच्या दृष्टीने भंडारदऱ्याचा प्रश्न जीविताचा प्रश्न होता. जलाशयाची पातळी, तड्यांची व्याप्ती व बांधकामाची अवस्था यांचा विचार होऊन धरणाच्या मजबुतीचे काम हाती घेण्यात आले. पोलादी तारांचे दोर बांधकामातून खाली खडकात ओवून, ताणून, घट्ट बसविण्यात आले. तसेच खालच्या अंगाने भक्कम टेकू उभारण्यात आले. ताणलेला पोलादी दोर बांधकामाला आधीच दाबून धरतो. त्यामुळे ओढ आली तरी तिने प्रथम हा दाब नाहीसा करावा लागतो. जेथे रचनेत ओढ सोसण्याची शक्ती नाही, तेथे ती अशा रीतीने बाहेरून पुरविता येते. धरण वाचले आणि ते आजही उभे आहे.

याच खोऱ्याच्या माथ्यावर घाटघर येथे २००८ साली २५० मेगावॉट क्षमतेचा उदंचन जलविद्युत प्रकल्प कार्यान्वित झाला. त्याची धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून या पद्धतीची ती भारतातील पहिली धरणे मानली जातात. या काँक्रीटमध्ये सिमेंटचा बराचसा भाग औष्णिक केंद्रांतील राखेने भरून काढलेला असतो. त्यामुळे घट्ट होताना निर्माण होणारी उष्णता व तिच्यामुळे पडणाऱ्या भेगा यांवर नियंत्रण राहते. भंडारदऱ्यात डबर हातांनी निवडून बसविलेला आहे, घाटघरला त्याच बेसॉल्टची खडी झाली आहे. सांध्याचा प्रश्न सोडविण्यासाठी दगडाचे व्यक्तित्वच नाहीसे करण्यात आले, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. पाथरवटाच्या निवडीची जागा चाळणीने व प्रयोगशाळेने घेतली.

६. एकच खडक, दोन जमिनी

आतापर्यंतच्या विवेचनात खडक अभंग अवस्थेत पाहिला. त्याच्या झिजेतही रचनेचे तेच तत्त्व दिसून येते. घाटघरला वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटरांवरील श्रीरामपूरच्या बाजूस तो पाचशे ते सहाशे मिलिमीटरांवर येतो. खडक दोन्हीकडे बेसॉल्टच. परंतु डोंगरात पावसाने चुना, मॅग्नेशिया व सिलिका धुऊन नेल्यामुळे केओलिनाच्या जातीची तांबूस माती उरते. कोरड्या मैदानात ही द्रव्ये जागीच राहून माँटमोरिलोनाइटाच्या जातीची काळी माती तयार होते. माँटमोरिलोनाइटाची अणुरचना १९३३ साली हॉफमन, एंडेल व विल्म यांनी सुचविली. सिलिकेच्या दोन पत्र्यांमध्ये ॲल्युमिनाचा एक पत्रा अशी त्याची चळत असून चळतींमधील बंध सैल असल्यामुळे पाणी आत शिरते व माती फुगते. पाणी गेले की ती आकसते. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या हातभर भेगा या अणुमानाच्या रचनेचेच दृश्य रूप होत. केओलिनाच्या चळती मात्र घट्ट मिटलेल्या असल्यामुळे डोंगरातील माती पाणी धरीत नाही. तिच्या वरकस जमिनीत नागली व वरई होते, खाचरांत भात होतो.

भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून व तिच्या कालव्यांतून संगमनेर, राहुरी व श्रीरामपूरकडील काळ्या जमिनीत गेले. तेथे ऊस उभा राहिला. १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि महाराष्ट्राच्या सहकारी चळवळीस नवे वळण लागले. परंतु जी माती पाणी धरते तीच पाणी सोडीतही नाही. निचरा नसेल तर तिच्यात क्षार वर येतात व जमीन चोपण होते. नीरा कालव्याखालील अशा जमिनींचा अभ्यास हॅरल्ड मॅन व तम्हाणे यांनी १९१० सालीच, म्हणजे भंडारदऱ्याचे काम सुरू झाले त्याच वर्षी, प्रसिद्ध केला होता. ही सूचना उपलब्ध असतानाही दख्खनच्या कालव्यांखालील पुष्कळ जमीन पुढे क्षारांना बळी पडली.

इकडे राजूरच्या डोंगरांत याच्या उलट स्थिती आहे. अतोनात पाऊस पडणाऱ्या वाड्यांतील विहिरी उन्हाळ्यात कोरड्या पडतात, ही वरवर पाहता विसंगती वाटते. घट्ट बेसॉल्टमध्ये पाण्याला जागाच नाही. सच्छिद्र थरात पोकळ्या पुष्कळ. परंतु त्या एकमेकींना जोडलेल्या नसतात व बहुधा खनिजांनी बुजलेल्या असतात. सच्छिद्रता आणि पार्यता हे दोन निराळे गुण आहेत, हे येथे स्पष्ट होते. पाणी राहते ते केवळ कुजलेल्या मुरमात व सांध्यांत. आणि अशा भूस्तरांतून हाती लागणाऱ्या पाण्याचे प्रमाण आकारमानाच्या साधारणपणे एक ते तीन टक्केच असते. तीव्र उतारावर तेही झऱ्यांवाटे निघून जाते. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात विंधन विहिरींचा प्रसार झाला. परंतु विंधन विहीर सांध्याला लागली तर पाणी देते, सलग फत्तरात उतरली तर कोरडीच राहते. हरिश्चंद्रगडावर ज्यांनी टाकी खोदली त्यांनी हा धडा ओळखला होता. खडकाच्या पोटात पाणी शोधण्याऐवजी त्यांनी खडकाचेच भांडे केले.

७. समारोप

वरील विवेचनावरून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, द्रव्याचे बळ त्याच्या घटकांत नसून मांडणीत असते, आणि ज्या मांडणीने एक गुण येतो तीच दुसरा दोष आणते. घट्ट फत्तर देवळाला आकार देतो व विहिरीला कोरडी ठेवतो. काळी माती ऊस पोसते व क्षारही साठविते. बांधकामास निरुपयोगी ठरलेल्या सच्छिद्र दगडाच्या पोकळ्यांत झिओलाइट निपजतात, ज्यांच्या अणूंच्या चौकटीतील ठराविक मापाची दारे पाहून विसाव्या शतकाच्या मध्यास रसायनशास्त्रज्ञांनी रेणू चाळणाऱ्या कृत्रिम चाळण्या घडविल्या. कोणतेही द्रव्य स्वभावतः चांगले किंवा वाईट नसते; कोणत्या कामी कोणती रचना, एवढाच प्रश्न असतो.

दुसरा निष्कर्ष पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. रचना शक्यतांच्या मर्यादा आखून देते. त्या मर्यादांच्या आत काय करावयाचे ते माणसे ठरवितात. प्रवरेचे पाणी अरुंद खडकाळ दरीत अडविणे सोयीचे होते, हे भूरचनेने ठरविले. ते पाणी कोणत्या शेताला द्यावयाचे आणि कोणाची शेते जलाशयाखाली जाऊ द्यावयाची, हे मात्र खडकाने ठरविलेले नाही. धरणाच्या भिंतीसाठी ज्या डोंगराने दगड आणि पाणी दोन्ही दिले, त्याच्याच वाड्यांवर उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करण्याची वेळ येते, याचे खापर बेसॉल्टवर फोडून मोकळे होता येणार नाही. बेसॉल्टच्या स्वभावाला अनुसरून टाकी, बंधारे व झऱ्यांची जपणूक यांचा विचार करणे जसे भूवैज्ञानिकाचे काम आहे, तसेच तो विचार आजवर का मागे पडला याचा शोध घेणे इतिहासकाराचे काम आहे.

या शोधासाठी लागणारी साधने दप्तरांत अंशतःच सापडतील. पाटबंधारे खात्याचे अहवाल, भूवैज्ञानिक नकाशे व वास्तूंची मोजमापे यांबरोबर वडार, पाथरवट व टाकारी यांच्या बोलीतील दगडाविषयीची शब्दसंपत्तीही गोळा केली पाहिजे, कारण दगडाच्या प्रत्येक जातीला जेथे वेगळे नाव असते तेथे त्या नावामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण असते. हे शब्द बोलणारे वृद्ध कारागीर थोडेच उरले आहेत. राजूर परिसराचा पाषाण आणखी कोट्यवधी वर्षे टिकेल. त्याविषयीची ही विद्या टिकण्यास मात्र तेवढी मुदत नाही.